शेक

आईनं तवा गॅसवर ठेवला तेव्हाच मला कळायला हवं होतं. दुपारचे साडेतीन झाले असतील. पोळ्या सकाळीच आटोपलेल्या, चहाला अजून अवकाश, मग तवा कशाला? पण मी आतल्या खोलीत नातवाला खांद्यावर टाकून फेऱ्या मारत होते आणि तो असा टाहो फोडत होता की बाकी काही सुचत नव्हतं. सकाळीच त्याला चौदाव्या आठवड्याच्या लशी देऊन आणलं होतं. डाव्या मांडीत डांग्या खोकल्यासह पाच रोगांवरची पेंटाव्हॅलंट, उजव्या मांडीत न्यूमोनियाची, दंडाच्या कातडीत पोलिओची बारीकशी सुई, वर तोंडात थेंब. रिक्षात झोपला तो दुपारी उठला तोच रडत. लंगोट बदलताना पाहिलं तर डावी मांडी टम्म फुगलेली. मधोमध सुईचा लाल ठिपका आणि भोवती दहा रुपयांच्या नाण्याएवढी घट्ट सूज. हात लावला तर गरम. एवढ्याशा जिवाच्या एवढ्याशा मांडीवर नाण्याएवढी सूज म्हणजे जवळजवळ मांडीच की!

तेवढ्यात आई आली. हातात जुन्या लुगड्याची चौपदरी घडी. तव्यावर दाबून गरम केलेली, मग स्वतःच्या गालाला लावून पारखलेली. गालाला लावण्याची ती लकब मी पन्नास वर्षं पाहत आलेय. ती घडी मांडीजवळ नेणार तोच मी जवळजवळ किंचाळले, "आई, नको! शेकायचं नाही. चोळायचं तर अजिबातच नाही. नर्सबाईंनी दहादा बजावलंय." तिचा हात हवेतच थांबला. "मग काय करायचं?" "गार पाण्याची पट्टी ठेवायची." "गार?" तिनं एवढंच विचारलं. मग घडी हातातल्या हातात मिटली आणि स्वयंपाकघरात गेली. गॅसचं बटण बंद केल्याचा टक् आवाज मला इथपर्यंत ऐकू आला.

बरोबर मीच होते. तोच तर त्रास होता.

नर्सबाई चांगल्या होत्या. टोचल्यावर लगेच घरी सोडलं नाही, अर्धा तास बाकावर बसवून ठेवलं. आणि दर मुलामागे त्या त्याच चार गोष्टी, त्याच सुरात, आरतीसारख्या म्हणत होत्या: आज कोणत्या लशी दिल्या, त्यानं काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, पुढच्या वेळी कधी यायचं, आणि कार्ड जपून ठेवा, येताना आणा. त्रासाच्या कलमात त्या जरा रेंगाळल्या. ताप येईल, मांडी सुजेल, एक-दोन दिवस किरकिर करेल. स्वच्छ गार पाण्यात कापड भिजवून पिळून ठेवा. ताप आला तर वजनाप्रमाणे सांगितलेले पॅरासिटामॉलचे थेंब, पण ताप येईल म्हणून आधीच पाजू नका. बर्फ थेट कातडीला लावू नका. हळद, चुना, तेल, काही काही लावू नका. इथं त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लेकीकडे नाही. आजीचं वय माझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं असावं.

लेकीचा आदल्या रात्रीपर्यंत वेगळाच विचार चालला होता. तिच्या मैत्रिणींनी खासगी दवाखान्यात 'पेनलेस' लस दिली होती म्हणे. बिनदुखीची सुई असते असं नाही; फरक डांग्या खोकल्याच्या भागात असतो. सरकारी पेंटाव्हॅलंटमध्ये त्या जंतूची मारलेली अख्खी पेशी असते, महागड्या लशीत तिचे निवडक तुकडे. अख्खी पेशी दिसली की शरीर जास्त खवळतं, म्हणून ताप जास्त, सूज जास्त. वर ॲल्युमिनियमचा क्षार घातलेला असतो, तो लस स्नायूत थोपवून धरतो आणि पांढऱ्या पेशींना हाका मारत राहतो. म्हणजे ती सूज ही कामावर जमलेली गर्दीच. हे सगळं मला माहीत होतं. नातू रडायला लागल्यावर त्यातलं काहीही उपयोगाला आलं नाही. गार पट्टी ठेवली की तो दचकायचा आणि आणखी रडायचा. आणि स्वयंपाकघरातून आवाज येत नव्हता.

आमच्या घरात सुई ही आईची गोष्ट होती. म्हणजे टोचायचे डॉक्टर, पण सुईनंतरचं सगळं आईचं.

१९८५ साली माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा होता. आम्ही तासगावला राहायचो. पावसाळ्यात त्याचा घसा धरला, तो बरा झाला, आणि दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला. गुडघ्यातली सूज उतरली तर घोटा. घोटा बरा झाला तर मनगट. शेजारणी म्हणाल्या वाढीचं दुखणं, कुणी म्हणालं वारं शिरलंय. मिरजेला नेल्यावर कळलं की हा घशातल्या जंतूमागून येणारा ऱ्हुमॅटिक फीवर, सांधे हा नुसता देखावा होता. वैद्यकाच्या पुस्तकांत या आजाराबद्दल एक जुनं वाक्य आहे, हा ताप सांधे चाटतो पण हृदयाला चावतो. भावाच्या हृदयाची एक झडप चावलेली होती. घसा पुन्हा त्या जंतूनं धरला तर झडप आणखी बिघडणार, म्हणून घसा धरूच द्यायचा नाही. उपाय एकच, दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. किती वर्षं? डॉक्टरांनी सांगितलेला आकडा आईनं घरी येईपर्यंत कुणालाच सांगितला नाही. मोठा होईपर्यंत, एवढंच म्हणाली.

तासगावच्या माणसाला एकवीस हा आकडा गणपतीचा. एकवीस दूर्वा, एकवीस मोदक. आईनं तो दुवा लगेच जोडला आणि भावाला तसंच सांगितलं, बाप्पाच्या हिशेबानं सुई घ्यायची. भिंतीवरच्या कालनिर्णयावर निळ्या बॉलपेननं गोल पडायला लागले. वर्षाला सतरा, एखाद्या वर्षी अठरा. तो गोल कधी दिवाळीच्या पहिल्या अंघोळीवर यायचा, कधी सहामाहीच्या गणिताच्या पेपरवर, एकदा माझ्या मामाच्या लग्नावर. आई पुढे-मागे ढकलत नसे. मामाच्या लग्नात भाऊ सगळ्या पंगती उभ्यानं जेवला, कारण बसता येत नव्हतं.

ज्यांनी हे इंजेक्शन पाहिलेलं नाही त्यांना कल्पना यायची नाही. छोट्या बाटलीत पांढरी पूड असे. त्यात पाणी सोडून बाटली हलवली की दाट, दुधासारखं काहीतरी व्हायचं. बारा लाख युनिटं. सुई जाड घ्यावी लागे, आणि लवकर टोचलं नाही तर ते दूध सुईतच बसायचं, मग दुसरी सुई. त्याआधी हातावर चाचणीचा थेंब कातडीत घालून भोवती पेनानं वर्तुळ, अर्धा तास थांबणं. डॉक्टरांच्या मागच्या खोलीत स्टोव्हवर स्टीलच्या डब्यात काचेच्या सिरिंज उकळत असायच्या. रॉकेल, स्पिरिट आणि ओल्या चुन्याच्या भिंतीचा मिळून एक वास होता, तो मला अजूनही कुठेतरी अचानक गाठतो. बाहेर मोठ्या माणसांत आम्ही 'कमरेत इंजेक्शन' म्हणायचो. कमरेचा त्यात काही संबंध नसतो हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण शब्द तोच. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि कायम वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात, कारण खाली-आत पायाची मोठी नस असते.

टोचल्यावर स्पिरिटचा बोळा देऊन कंपाउंडर म्हणायचा, "चोळा जोरात." आई चोळायची. जीव लावून चोळायची. घरी आल्यावर खडेमीठ लोखंडी कढईत भाजायची, ते तडतडायला लागलं की फडक्यात घालून पुरचुंडी, पुरचुंडी आधी स्वतःच्या गालाला, मग भावाच्या सुजेवर. दुसऱ्या दिवशी गाठ धरलेली असे, सुपारीसारखी. मग आंबेहळद उगाळून गरम लेप. मुका मार असो, लचक असो की पेनिसिलिन, आंबेहळद सगळ्याला एकच. रात्री कधी जाग आली तर कंदिलाच्या उजेडात आई त्याच्या पाठीशी बसलेली दिसायची, हात गोल गोल फिरत. भाऊ भिंतीकडे तोंड करून पालथा. मी चार वर्षांनी मोठी. मला वाटायचं, या घरात दुखणं त्याचं आहे, पण शेक मलाही मिळायला हवा होता. हे लिहायला आता लाज वाटते.

भाऊ बारावी होऊन बाहेर शिकायला जाईपर्यंत, नऊ वर्षांत, दीडशेच्यावर शेक झाले असतील.

पुढे कामाच्या निमित्तानं औषधांबद्दल थोडंफार वाचणं झालं, तेव्हा एक गोष्ट कळली आणि मी ती आईला कधीच सांगितली नाही. ते पेनिसिलिन मुद्दामच न विरघळणारं बनवलेलं असतं. ते स्नायूत साठा करून बसतं आणि कंजूष सावकारासारखं थोडं थोडं रक्तात सोडतं, म्हणून तर तीन-तीन आठवडे पुरतं. अशी साठवणीची औषधं टोचल्यावर ती जागा चोळू नये असं सांगतात. चोळलं की साठा लवकर पसरायची भीती. म्हणजे आई जी गाठ 'विरघळवायला' रात्र-रात्र बसायची, तिथंच औषधाचं काम चाललेलं होतं. शेकाचं मात्र तसं नाही. पहिल्या दिवशी गार लावलं तर बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात, पाझर कमी होतो, ठणका बधिरतो. दोन दिवसांनी सूज स्थिरावली की कोमट शेकानं आखडलेला स्नायू सैल पडतो, बरं वाटतं. हे आजही सांगतात. तान्ह्या बाळाची कातडी भाजायची भीती असते ते वेगळं. पहिल्या दिवशी चूक, तिसऱ्या दिवशी बरोबर, चोळणं चूक, आंबेहळद बहुधा निरुपद्रवी. आईचे गुण असे मोजले तर पास होईल, पण आईचे गुण मोजणारी मी कोण?

तसं पाहिलं तर आमच्या गल्लीतली सगळीच माणसं सुईबाबत अर्धी बरोबर होती. कोपऱ्यावरच्या घरातला एक मुलगा डावा पाय ओढत चालायचा. त्याची आजी सांगायची, पोर तापलं होतं, सुई दिली आणि दुसऱ्या दिवशी पाय गेला. शिकलेले लोक हसायचे. पोलिओ झाला म्हणावं, सुईचा काय दोष? हसणाऱ्यांत मीही होते, कॉलेजात गेल्यापासून. आणि मग कळलं की सिगरेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचं नातं आकड्यांनी मांडणाऱ्या ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० सालीच एका सहकाऱ्याबरोबर इंग्लंडातल्या मुलांची नोंद तपासून दाखवलं होतं की पोलिओची साथ असताना ज्या हातापायात सुई टोचली त्याच हातापायाला लुळेपणा येण्याचं प्रमाण जास्त दिसतं. विषाणू आधीच अंगात शिरलेला असतो, आणि टोचलेला स्नायू त्याला मज्जारज्जूची वाट मोकळी करून देतो. म्हणजे पोलिओ झालाच होता, आणि आजीही खोटं बोलत नव्हती. विनाकारण, साध्या तापाला, 'एक सुई मारा म्हणजे लवकर उतरेल' म्हणून दिलेल्या किती सुया आपल्याकडे अशा महागात पडल्या असतील! भारतात पोलिओचा शेवटचा रानटी विषाणू २०११ च्या जानेवारीत सापडला. त्या आजीला हे कळायला हवं होतं, पण ती त्याच्या कितीतरी आधी गेली. माफी मागायलाही कुणी उरलं नाही.

२०२१ मध्ये करोनाच्या लशीनं साऱ्या देशाचा डावा दंड एकाच वेळी भरून आला होता, आठवतंय? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणी बटाट्याची चकती बांधायला सांगत होतं, कुणी विड्याचं पान. बटाटा मी करून पाहिला. गार आणि ओला असतो, म्हणून बरं वाटतं, त्यापलीकडे त्या बिचाऱ्याकडे काही नाही. सगळ्यात उपयोगी पडलं ते हात न जपणं. दुखतोय म्हणून हात पोटाशी धरून बसलं की जास्त आखडतो. केर काढला, पोळ्या लाटल्या, की मोकळा होतो. आईचा हात तर कोपरापर्यंत सुजला होता. ती कुणाला दाखवेना. रात्री दीडला पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात अंधारात बसून स्वतःच स्वतःला शेकत होती. गालाला लावून, मग दंडाला. मी दारातूनच परत फिरले. तेव्हा तिच्या हातातून फडकं घ्यायला हवं होतं हे त्या दुपारी, नातवाच्या रडण्यात, लख्ख आठवलं.

संध्याकाळी भावाचा फोन आला. आता तोही पन्नाशीला टेकलाय, झडप सांभाळून आहे, दरवर्षी तपासणी असते. बाळाची चौकशी झाली. मी सूज सांगितली, आईला कशी ओरडले ते सांगितलं, आणि म्हटलं, "तुला तर शेकाचं काय वाटायचं ते माहीतच आहे." तो म्हणाला, "ताई, मला शेक फारसा आठवतच नाही गं. मला ते कंपाउंडरकाका आठवतात. खाकी खिशातून बेदाणे काढून द्यायचे, चिकट, स्पिरिटचा वास लागलेले. अजून बेदाणा खाल्ला की बूड दुखतं." आम्ही दोघंही हसलो. मग थोडा थांबून म्हणाला, "चोळणं आठवतं. फार दुखायचं. सुईपेक्षा जास्त." "मग बोलला का नाहीस कधी?" "काय बोलणार? ती रडत असायची. चोळताना रडायची थांबायची."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गॅलरीत उभी राहिले. नऊ वर्षं मी त्याच खोलीत, दोन हातांवर गादी टाकून झोपत होते. मला कंदील दिसला होता, पुरचुंडी दिसली होती, भिंतीकडे वळलेलं तोंड दिसलं होतं. ते तोंड का वळलेलं होतं ते दिसलं नव्हतं.

रात्री ताप चढला, थेंब दिले, उतरला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मांडीचा लालपणा ओसरला आणि पठ्ठ्या पाय झाडायला लागला. लेकीनं तरी पेनानं सुजेच्या कडेला पुसटशी रेघ मारून ठेवली होती, लाली रेघेबाहेर पसरते का पाहायला. तिला कुणीतरी सांगितलं होतं आणि ते योग्यच होतं. लाली पसरत गेली, दोन-तीन दिवसांनंतरही सूज वाढतच राहिली, पू दिसला, पाय हलवेनासा झाला, किंवा बाळ तीन-तीन तास काही केल्या शांत होईना, तर घरगुती काहीही न करता थेट डॉक्टर. तसलं काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी फक्त आत एक गाठ उरली, वाटाण्याएवढी, हाताला लागेल न लागेल अशी. नर्सबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, राहते काही आठवडे, आपोआप जाते, तिला हात लावू नका.

मी आईला निरोप सांगितला. म्हणजे सांगितला तसा नाही. "गाठ जाईल म्हणाल्या आपोआप," एवढंच. चोळू नका ते पुन्हा म्हटलं नाही. ती भाजी निवडत होती. "बरं," म्हणाली. तीन दिवस तिनं नातवाला, म्हणजे पणतवाला, दुरूनच हाका मारल्या होत्या. मांडीवर घेतलं नव्हतं. कुणाच्या ते लक्षातही आलं नसतं, घरात माणसं एवढी.

त्या रात्री लेक अंघोळीला गेली होती आणि मी दुधाची बाटली धूत होते. बाहेर येऊन पाहिलं तर आई पाळण्याशी बसलेली. दोन्ही तळहात एकमेकांवर घासत होती, जोरात, थंडीत घासतात तसे. मग एक हात स्वतःच्या गालाला लावून पाहिला. मी आलेली तिला कळलं, पण तिनं मागे वळून पाहिलं नाही. पाळण्यात हात घातला आणि मांडीच्या पार खाली, बाळाची दोन्ही पावलं मुठीत धरली.

"इथं नाही ना टोचलेलं?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तिथं नाही."